पांढुर्ण्याची अक्षरे किती?

'पांढुर्णा' ह्या नावात अक्षरे किती, असे सौंसरच्या शाळेतील मुलास विचारले, तर तो तत्काळ तीन म्हणेल: पां, ढु, र्णा. संगणकाचे उत्तर मात्र कोणत्या भाषेत विचारले यावर ठरते. जावास्क्रिप्ट नऊ सांगते. सी भाषेत यूटीएफ-८ रूपातील तेच नाव सत्तावीस भरते. सी भाषेने ज्यास 'कॅरेक्टर' म्हटले, तो वस्तुतः एका बाइटाचा कप्पा होय. रोमन अक्षर त्यात सुखाने मावते. आमचे प्रत्येक चिन्ह तीन कप्पे अडविते. कान्याला तीन, अनुस्वारालाही वेगळे तीन! कप्प्यास अक्षराचे नाव दिले, हाच आमचा मुख्य आक्षेप आहे.

नावाचा वाद क्षुल्लक, असे कोणी म्हणेल. वकिली करणारास तसे म्हणता येत नाही. वीस बाइटांच्या रकान्यात हे नाव कापून बसविले, तर 'पांढुर' एवढेच शिल्लक राहते. पुढील हलन्ताचा तिसरा तुकडा गळाल्याने तेथे एक निरर्थक खूण उमटते. अशा कागदावरून मालमत्ता कोणत्या गावची हे सिद्ध करावयाचे, म्हणजे पक्षकाराच्या नशिबी नसती यातायात आली.

युनिकोडवर मात्र सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून 'ळ'ला स्वतंत्र स्थान आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला आणि हिंदी कागदांत मारुतीरायाचे जामसावळी 'जामसांवली' झाले. तो दोष तक्त्याचा नव्हे, लिहिणाऱ्या हाताचा. माणूस दोन्ही रूपे ओळखतो. यंत्रास 'ळ' आणि 'ल' सर्वस्वी भिन्न, म्हणून एका रूपाने शोधता दुसऱ्या रूपातील नोंद हाती लागत नाही. आमच्या कोंकणी वाचकांस हे अधिक सांगावयास नको. त्यांच्या 'देवूळ' शब्दातही तोच 'ळ' नांदतो.

स्विफ्ट ह्या नव्या भाषेने वाचकास दिसणारा घटक म्हणजे अक्षर, असे मानले, ही तिची थोरवी. तरीही 'र्णा'चे 'र्' आणि 'णा' असे दोन तुकडे पडतच होते. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ ह्या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याच वर्षी पांढुर्णा जिल्हा होऊन सौंसर त्यात समाविष्ट झाले. ज्या जुन्या प्रणालींत तो नियम पोचला नाही, त्यांच्या हिशेबी नव्या जिल्ह्याचे नाव अद्याप चार अक्षरांचे आहे.