शेण दिसले, कविता दिसली नाही

'सावित्रीजोती' ही मालिका 2020 च्या डिसेंबरात बंद झाली तेव्हा हळहळणाऱ्या परिवर्तनवाद्यांत मीही होतो. सभेत बोललो, पत्रकावर सही केली. म्हणून प्रेक्षकांविषयी काही लिहिण्याआधी माझाच हिशेब देतो. वर्षभरात या मालिकेचे निम्मे भागही मी पाहिले नव्हते. माझ्याबरोबर सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिले, हे मी त्याच बैठकीत विचारले. उत्तरादाखल चहा मागवला गेला.

सोनी मराठी वाहिनीवर ही मालिका 2020 च्या जानेवारीत, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या सुमारास सुरू झाली. निर्मिती 'दशमी'ची. ओंकार गोवर्धन जोतीरावांच्या आणि अश्विनी कासार सावित्रीबाईंच्या भूमिकेत होते, प्रा. हरी नरके यांचा अभ्यास पाठीशी होता. मार्चमध्ये टाळेबंदी आली, चित्रीकरणे थांबली, उन्हाळा उलटल्यावर पुन्हा सुरू झाली आणि वर्ष सरता सरता, पुरेसा प्रेक्षक मिळत नाही म्हणून मालिका संपवण्यात आली. नरके यांनी त्याविषयीची खंत जाहीरपणे मांडली होती. 2023 साली तेही गेले. मालिका चांगली की वाईट, हा माझा येथे विषय नाही. ज्यांनी ती पाहिली त्यांनी नेमके काय पाहिले, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांनी का पाहिली नाही, एवढेच मला तपासायचे आहे.

हे नगरच्या माणसाने तपासावे, याला कारण आहे. (जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगरच आहे.) अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार 1839 पासून येथे मुलींच्या शाळा चालवीत होत्या. जोतीरावांनी त्या शाळा पाहिल्या आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे चरित्रकार नोंदवतात. मिस फरार 1862 साली येथेच वारल्या. म्हणजे भारतातल्या स्त्री-शूद्रांच्या शिक्षणाच्या इतिहासातला एक धागा आमच्या गावातून जातो. आणि आमच्या गावाला विचारा, सावित्रीबाई कोण? उत्तर येईल, ज्यांच्या अंगावर शेण फेकले त्या.

मी नगरच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत होतो आणि शेजारच्या वस्तीत राहत होतो. ज्या घरांत ही वाहिनी दिसत होती तेथे संध्याकाळी पाच-सात बाया जमत. त्यांतल्या एक मावशी सावेडीत चार घरची धुणीभांडी करून येत आणि पदराने हात पुसत मालिकेपुढे बसत. त्यांची प्रतिक्रिया मला फार मोलाची वाटते. गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले, ही 1849 ची गोष्ट कोणीतरी सांगत होते. मावशी म्हणाल्या, "सासरा असा उगाच नाही बिघडत. मागे सासूचा डाव असणार. दाखवतील पुढं."

यावर हसू येते, पण हसून सोडून देण्यासारखे हे नाही. सावित्रीबाईंना सासूच नव्हती. जोतीरावांची आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारली. त्यांना सगुणाबाईंनी वाढवले. आता ज्या बाईने वीस वर्षे दूरदर्शन संचावर सासू-सुनाच पाहिल्या, तिला सासू नसलेली सून दिली की ती आपल्या पदरची सासू घालून गोष्ट पुरी करते. मालिकेचा लेखक कितीही प्रामाणिक असो, त्याच्या आधी दहा मालिका त्या घरात येऊन बसलेल्या असतात. घराबाहेर काढण्यामागे धर्म होता, भटांचा दबाव होता, शूद्राच्या घरच्या बाईने मांगा-महारांच्या लेकरांना शिकवावे याचा संताप होता. ही सगळी समाजव्यवस्था दैनंदिन मालिकेच्या चौकटीत शिरताना एका घराच्या भांडणाएवढी लहान होऊन बसते. मावशींचा यात दोष नाही. आम्ही त्यांना दुसरी कोणती गोष्ट कधी सांगितली होती?

शाळेच्या शिक्षकखोलीतल्या प्रतिक्रिया वेगळ्या होत्या. एका पांढरपेशा सहकाऱ्याचे म्हणणे, पात्रे आजच्यासारखी बोलतात, त्या काळचे वातावरण वाटत नाही. थोडे थांबून दुसरे वाक्य आले, "आणि पुन्हा पुन्हा जात कशाला उकरायची?" पहिला आक्षेप कलेचा आणि दुसरा हितसंबंधांचा, पण दोन्ही एकाच श्वासात आले, हे ध्यानात घेतले पाहिजे. आमचे काही कार्यकर्तेही मागे नव्हते. त्यांना नऊवारीची घडी खटकली, भिंतींचा रंग खटकला. कपड्यांविषयी ते जितके बोलले तितके विचारांविषयी बोलले असते तर मी हा लेख लिहिला नसता.

आधुनिक केले, हा आक्षेप मला मान्य नाही. सावित्रीबाई स्वतःच आपल्या काळापेक्षा आधुनिक होत्या. ज्या बाईने 1854 साली इंग्रजी भाषेला माउली म्हणून कविता लिहिली, तिच्या तोंडी आजची मराठी घातली म्हणून आभाळ कोसळत नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. प्रेक्षकांनी या आधुनिकतेतून जे उचलले ते होते आदर्श जोडप्याचे चित्र. माझ्या वर्गातल्या मुली म्हणत, नवरा असावा तर असा. शिक्षिका म्हणत, त्यांनी शिकवले म्हणून त्या शिकल्या. आमचे वक्तेही जयंतीला हेच सांगतात. यातले प्रेम खरे आहे. पण या मांडणीत सावित्रीबाई नवऱ्याच्या चांगुलपणाला आलेले फळ होतात. त्या शिकतात, सोसतात, साथ देतात. त्या स्वतः काही म्हणतात का, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

आणि त्या तर म्हणत होत्या, छापून म्हणत होत्या! 'काव्यफुले' हा त्यांचा संग्रह 1854 चा आहे. तेव्हा त्यांचे वय तेवीस. जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक 1855 साली लिहिले, पण दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. त्यांचा शिवाजीराजांवरचा पोवाडा छापून आला 1869 साली. म्हणजे नवऱ्याचे पहिले पुस्तक निघण्याच्या पंधरा वर्षे आधी बायकोचे पुस्तक निघालेले होते. शिकवले त्यांनी, हे खरे. पण पुस्तक घेऊन वाचकांपुढे आधी गेल्या त्या. मराठी कवितेचा इतिहास आम्हाला केशवसुतांपासून आधुनिक होतो असे शिकवण्यात आले. केशवसुतांचा जन्म 1866 चा. 'काव्यफुले' त्याच्या बारा वर्षे आधीचे. प्रस्थापित समीक्षेने या बारा वर्षांचे काय केले, हे विद्यापीठातल्या मंडळींनी एकदा सांगावे.

या संग्रहात 'शूद्रांचे दुखणे' आहे, तसा 'पिवळा चाफा'ही आहे. मला हे दोन्ही एकत्र असणे फार महत्त्वाचे वाटते. आपल्या चळवळीतला वाचक पहिली कविता घेतो आणि दुसरी सोडतो. जणू दुःख भोगणाऱ्या माणसाला फूल पाहण्याचा अधिकारच नाही. मालिकेने, चित्रपटाने आणि आपल्या व्यासपीठांनी मिळून तिला अन्याय सोसणारी मूर्ती केली. फुलाकडे डोळे भरून पाहणारी आणि त्यावर शब्द जुळवीत बसलेली तरुण बाई आपल्याला परवडली नाही.

मालिका चालू असताना वर्गातल्या एका मुलीने मला विचारले होते, "सर, त्या कवी होत्या ना? मग कविता कधी लिहायच्या?" नववीतली, मातंग वस्तीतून येणारी मुलगी. घरात एकच खोली, संचही त्याच खोलीत. मालिका संपेपर्यंत अभ्यास होत नाही आणि मालिका संपली की दिवा बंद, ही तिची अडचण होती. तिचा प्रश्न साहित्याचा नव्हताच, वेळेचा आणि जागेचा होता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते की शाळा, घर, अंगावरचे शेण हे सगळे आवरून त्या बाईने लिहायला कोणती वेळ काढली. इतक्या प्रतिक्रिया ऐकल्या, पण कवितेपाशी पोहोचलेली ही एकटीच. मी तिला डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले समग्र वाङ्मय आणून दिले. शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने ते 1988 साली काढलेले आहे. माझ्या कपाटात ते बरीच वर्षे होते. मी कोणालाही ते कधी दिले नव्हते.

आता आकड्यांविषयी. लोकांनी पाहिली नाही म्हणून मालिका गेली, असे आपण सहज म्हणतो. कोणत्या लोकांनी? 2020 साली देशभरातल्या सुमारे 44,000 घरांत बसवलेल्या यंत्रांवरून सगळ्या देशाची आवड ठरत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत टीआरपीच्या घोटाळ्याचा गुन्हा दाखल झाला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे काही काळ थांबवावे लागले, हे विसरू नये. शिवाय 2019 पासून वाहिन्या निवडून पैसे भरण्याची पद्धत आली. आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांनी जो स्वस्तातला संच घेतला होता त्यात ही वाहिनी नव्हती. टाळेबंदीत ज्यांची रोजंदारी बुडाली त्यांनी केबलचे पैसे आधी थांबवले. तेव्हा बहुजनांनी सावित्रीबाईंना नाकारले, हा निष्कर्ष मी मानत नाही. मात्र ज्यांच्या घरी वाहिनी होती, पगार चालू होता आणि भिंतीवर सावित्रीबाईंची तसबीरही होती, त्यांना ही सवलत नाही. त्यांत मी आलो.

पडद्यावरच्या फुल्यांना प्रेक्षक मिळण्याचा प्रश्न जुनाच आहे. आचार्य अत्र्यांनी 1954 साली 'महात्मा फुले' काढला, त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. 1988 साली दूरदर्शनवर श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये आमच्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी जोतीराव उभे केले. ज्या ग्रंथावरून ती मालिका निघाली तो नेहरूंनी नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिला. एवढे सगळे नगरचे, तरी खलनायक म्हणून अमरापूरकर ओळखणारे गाव जोतीराव म्हणून त्यांना ओळखत नाही.

मालिका संपल्यानंतरच्या 3 जानेवारीला, 2021 साली, एका संस्थेने जयंतीचा छोटा कार्यक्रम ठेवला होता. त्या मुलीने तेथे मुक्ताबाईंचा निबंध वाचायचे ठरवले. मुक्ता ही फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी, वय अवघे चौदा. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे नियतकालिक 1842 साली मिशनने नगरमधूनच सुरू केले होते. पेशवाईत तालमीसमोरून जाणाऱ्या मांगा-महारांचे काय होत असे, इमारतींच्या पायांत कोणाला गाडत असत, हे त्या पोरीने ज्या निर्भयपणे लिहिले आहे तसे लिहायला आजही छाती लागते. सावित्रीबाईंच्या शिकवण्याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. कार्यक्रमाच्या आधी संयोजकांपैकी एक गृहस्थ माझ्याकडे आले. अतिशय नम्रपणे म्हणाले, "सर, जातींची नावे तेवढी गाळा. 'वंचित' म्हणा. पेशवाईचा उल्लेखही नको. वातावरण चांगले आहे, बिघडायला नको."

मुलगी शेजारीच होती. तिने विचारले, "मग निबंध कशाविषयी आहे म्हणून सांगू?"

गृहस्थांकडे उत्तर नव्हते. तिने निबंध होता तसा वाचला. टाळ्या पडल्या, वातावरण बिघडले नाही. मावशी आल्या होत्या. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "ही मुक्ता टीव्हीत दाखवली असती तर मी रोज पाह्यलं असतं." मी निम्मे भाग चुकवलेला माणूस, काय बोलणार?

2025 साली 'फुले' हा हिंदी चित्रपट आला. 11 एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, तो लागायचा होता. झलक पाहूनच काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला आणि प्रदर्शन 25 एप्रिलवर गेले. चित्रपट पाहण्याआधीच प्रतिक्रिया देणारा हा प्रेक्षक फार सावध असतो. त्याला काय धोक्याचे आहे ते आपल्यापेक्षा नीट कळते. सेन्सॉर मंडळाने सुचवलेले बदल वृत्तपत्रांत आले होते. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढा. तीन हजार वर्षांची गुलामी न म्हणता बऱ्याच वर्षांची म्हणा. आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस दाखवू नका, त्या जागी सावित्रीबाईंवर शेणाचे गोळे फेकणारी पोरे दाखवा.

हा शेवटचा बदल मी दोनदा वाचला. शेण चालते. झाडू चालत नाही. शेणात एक बाई सोसते आणि पाहणारा हळहळून घरी जातो. फेकणाऱ्या पोरांना नाव नाही, गाव नाही. झाडू मात्र विचारतो की तो कोणी बांधायला लावला. आमच्या आज्या-पणज्यांचा इतिहास बाजूला सारायला सावित्रीबाईंच्याच अंगावरचे शेण कामी आले, आणि ते शेण इतकी वर्षे आपणही कौतुकाने दाखवीत आलो होतो.

ती मुलगी आता पुण्याला शिकते. चित्रपट पाहून आल्यावर तिने फोन केला. म्हणाली, "सर, ते आपल्या कार्यक्रमाचे संयोजक मंडळावर गेले की काय?" आम्ही दोघेही हसलो. मग तिने समग्र वाङ्मय पुन्हा मागितले. तिच्या वसतिगृहातल्या मुलींना 'पिवळा चाफा' वाचून दाखवायचा आहे म्हणाली. माझी प्रत एका कार्यकर्त्याने भाषणासाठी नेली ती परत आली नाही. मी त्याला दोनदा निरोप पाठवला आहे.