गुण मुलाचे, की वर्गाचे?

माध्यमिक विद्यार्थ्यांचे व्यक्तिमत्त्वगुण आणि शैक्षणिक संपादन यांचा संबंध शोधणारे बहुतेक प्रबंध एकाच साच्यातून निघतात. प्रश्नावली भरून घ्यायची, परीक्षेचे गुण जोडायचे, सहसंबंध काढायचा आणि शेवटी शिफारस करायची : विद्यार्थ्यांत चिकाटी, शिस्त, आत्मविश्वास वाढवावा. माझा आक्षेप या शिफारशीला आहे.

संबंधच नाही, असे मी म्हणत नाही. आर्थर पोरोपॅट यांनी २००९ साली सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरील अभ्यास एकत्र तपासले. पाच प्रमुख गुणांत कर्तव्यदक्षतेचा संबंध सर्वांत ठळक दिसला. सहसंबंध सुमारे ०.२२. याचा वर्ग केला तर संपादनातील फरकाचा जेमतेम पाच टक्के भाग हाती येतो. उरलेल्या भागात बुद्धीबरोबर घर, भाषा, भूक आणि जात यांनाही जागा आहे. आमच्या तक्त्यांत त्यांना रकाना किती वेळा मिळतो?

आणि हे गुण तरी जातीपासून अलिप्त असतात काय? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी घातली. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. जात पुकारली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांत फरक दिसला नाही. सर्वांसमोर जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती. बदलली ती खोलीतली हवा. ज्याला आपण आत्मविश्वासाचा अभाव म्हणतो, तो असा घडवला जातो.

संपादनाचे मापही निर्मळ नाही. रेमा हॅना आणि ली लिंडन यांच्या २०१२ च्या अभ्यासात उत्तरपत्रिकांवर वाटेल तशी जात टाकली होती. खालची जात दिसली की शिक्षकांनी गुण किंचित कमी दिले.

जिद्दीचा दाखला म्हणून बाबासाहेबांचे नाव पुढे केले जाते. जिद्द होतीच, पण बडोदा संस्थानची शिष्यवृत्तीही होती. आणि त्यांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने मुलांना नुसता चिकाटीचा उपदेश केला नाही, १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले.

शिक्षकमित्रांनो, 'मुलगा अबोल आहे' असा शेरा मारण्याआधी तो कोणासमोर अबोल असतो, ते पाहा. आणि संशोधकांनो, पुढची प्रश्नावली मुलाच्या हाती देण्याआधी त्याच्या वर्गाला लावा.