भिंतीवरची माणसं गोदामात

'कॉपीराइट ही पांढरपेशांची भानगड, आपल्याला काय त्याचं?' असं आपल्यातलेच काही मित्र म्हणतात. त्यांनी अमरनाथ सहगल या शिल्पकाराचा खटला वाचावा.

१९५७ साली सरकारनं त्यांना दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचं भित्तिशिल्प सांगितलं. १९६२ ला ते पुरं झालं. १४० फूट लांब, ४० फूट उंच. त्यात राजेबिजे नव्हते. खेड्यातली राबती माणसं होती, बाया होत्या, पोरं होती. १९७९ साली दुरुस्तीच्या नावाखाली ते उखडलं आणि गोदामात फेकलं. घडवणाऱ्याला साधं विचारलंसुद्धा नाही. भिंतीवरसुद्धा आपली माणसं यांना फार दिवस खपत नाहीत!

सरकारचं म्हणणं काय, तर पैसे मोजले, माल आमचा. हीच मालकाची भाषा आपण रोज खात्यात ऐकतो. पण १९५७ च्याच कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. मालकी विकली तरी कर्ता तो कर्ताच राहतो. कामावर आपलं नाव सांगण्याचा आणि त्याची मोडतोड अडवण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. सहगल १९९२ ला कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली हायकोर्टानं उरलेले तुकडे परत द्यायला लावले, वर ५ लाख भरपाई.

निकाल चांगलाच आहे. तरी एक गोष्ट खुपते. शिल्प हा राष्ट्राचा ठेवा आहे, यावर कोर्टानं फार भर दिला. मग ज्याला राष्ट्र ओळखतच नाही त्याचं काय? तेरा वर्षं खटला चालवायला नाव लागतं, पैसा लागतो. गिरणीच्या डिझाइन खात्यात फुलं-वेली काढणारा कुठून आणणार? कलम १७ नं नोकरीत काढलेलं चित्र मालकाचं, वेगळा करार नसेल तर. शिवाय नोंदणी न केलेलं डिझाइन कापडावर पन्नासाहून जास्त वेळा उठलं की कलम १५ प्रमाणे कॉपीराइटच संपला. पन्नास! आमच्याकडे पाळी सुरू व्हायच्या आत होतात.

आणि आपण तरी काय करतो? जयंतीच्या पोस्टरवर कुणाचंही चित्र उचलतो, चित्रकाराचं नाव उडवतो, तिथं देणगीदाराचं टाकतो. घराघरात संविधानाच्या इंग्रजी उद्देशिकेची फ्रेम आहे. अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादांचं, भोवतीची नक्षी ब्योहर राममनोहर सिन्हांची. खालच्या कोपऱ्यात 'राम' एवढीच त्यांची सही आहे, नीट बघितली तर दिसते. यंदा प्रती छापाल तेव्हा प्रेसवाल्याला सांगा, कडा कापताना तो कोपरा सोड.