सागरतळींचें खंड आणि आमची सैल लेखणी

न्यूझीलंडभोंवतींच्या समुद्राखालीं सुमारें ४९ लक्ष चौरस किलोमीटर विस्ताराचें एक स्वतंत्र खंड असून त्याचा शेंकडा ९४ भाग पाण्यांत आहे, असा सिद्धांत भूस्तरशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं मांडला. या खंडास ‘झीलंडिया’ म्हणतात. तेव्हांपासून ‘बुडालेलें खंड’ हा विषय आमच्या लेखकांच्याहि आवडीचा झाला आहे, आणि त्याच्या अनुषंगानें आमच्या पश्चिम किनाऱ्याची कथाहि सांगितली जाते. विषय उत्तम आहे. परंतु ज्या भाषेंत ती कथा सांगितली जाते, ती भाषाच तिचा घात करते, असें आम्हांस वाटतें.

पहिला दोष ‘बुडालें’ या क्रियापदांत आहे. होडी बुडते, पुरांत गांव बुडतें. त्यांत आकांत असतो. खंड तसें बुडत नाहीं. भूस्तरशास्त्रांत खंड ओळखावयाचें तें पाण्याच्या पातळीवरून नव्हे, तर खडकावरून. खंडाचें कवच हलक्या, ग्रॅनाइटसारख्या खडकाचें व साधारणतः ३० ते ४० किलोमीटर जाड असतें. सागरतळाचें कवच जड, बेसॉल्टचें व अवघें ७ किलोमीटरांच्या आसपास. जाड व हलकें कवच उंच राहतें. तेंच ताणलें जाऊन पातळ झालें, कीं खालीं बसतें आणि समुद्र त्यावर पसरतो. या क्रियेस लक्षावधि वर्षें लागतात. म्हणून ‘ताणून खचलेलें’ हा शब्द कमी रम्य असला, तरी अधिक खरा आहे.

रम्यतेच्या मोहानें काय होतें, याचा दाखला इतिहासांतच आहे. मादागास्कर, आफ्रिका व हिंदुस्थान येथील प्राण्यांत साम्य कां, या प्रश्नाच्या उत्तरादाखल फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञानें १८६४ सालीं हिंदी महासागरांतील एका लुप्त भूमीची कल्पना केली व तीस ‘लेम्युरिया’ हें नांव दिलें. प्रश्न अस्सल होता, आणि उत्तरहि त्या काळच्या शास्त्राच्या मर्यादेंतलें होतें. पुढें १८८८ सालीं मॅडम ब्लाव्हाट्स्की यांनीं ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’ या ग्रंथांत तेथें एक प्राचीन मानववंशच वसविला. खंडें सरकतात हें सिद्ध झाल्यावर शास्त्रानें लेम्युरिया टाकून दिला. लेखकांनीं मात्र तो अजून टाकलेला नाहीं.

वस्तुतः खरी हकीकत काय कमी अद्भुत आहे? सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनचा शिलारस वाहिला, आणि त्यामागोमाग हिंदुस्थान व सेशेल्स यांची फारकत झाली. सेशेल्सच्या माहे बेटाचा ग्रॅनाइट सुमारें ७५ कोटी वर्षांचा. तें बेट म्हणजे पाण्याखालच्या विस्तीर्ण पठाराचा केवळ माथा होय. अरबी समुद्राच्या तळाशीं असलेली ‘लक्ष्मी’ नांवाची डोंगररांग हाहि खंडाचाच तुटलेला तुकडा असावा, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. ज्या मॉरिशसमध्यें मराठी घराणीं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तें बेट ज्वालामुखीचें व फार तर ९० लक्ष वर्षांचें; परंतु तेथील खडकांत ३०० कोटी वर्षांपर्यंतचे झिरकॉनचे कण सांपडल्याचें २०१७ सालींच प्रसिद्ध झालें. तरुण बेटाच्या पोटांत जुनें खंड दडलें आहे, याची ती साक्ष.

त्या फारकतीची अलीकडची कड म्हणजे आमचा हा पालघर-तारापूरचा किनारा. येथील काळा कातळ दख्खनच्याच शिलारसाचा. देशावर त्याचे थर जवळजवळ आडवे, तर पनवेलच्या बाजूस ते समुद्राकडे कललेले आहेत. सातिवली, कोकनेर येथील ऊन पाण्याचे झरे अशा खडकांतील भेगांतूनच वर येतात. एवढी सामग्री दाराशीं असतां लेम्युरियाकडे धांवण्याचें कारण काय?

दुसरा दोष परशुरामकथेच्या उपयोगाचा. परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला, या कथेवरून पूर्वजांस भूस्तरशास्त्र ठाऊक होतें, असा निष्कर्ष काढण्यांत येतो. पण कथेंत भूमि वर येते, शास्त्राच्या हकीकतींत ती खालीं जाते. आणि ती घटना पाहावयास तेव्हां मनुष्यच नव्हता. अशी ओढूनताणून सोयरीक जुळविल्यानें शास्त्र पांगळें होतें आणि पुराणहि. खाजणांस बांध घालून भातजमीन मिळविणाऱ्या कोंकणी माणसाचा अभिमान त्या कथेंत वाचावा. तेथें ती जिवंत आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागांत भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि कित्येक कुटुंबांनीं थंडीच्या रात्री घराबाहेर तंबूंत काढल्या. अशा माणसाच्या कानीं ‘आपण बुडालेल्या खंडाच्या काठावर राहतों’ हें वाक्य पडलें, तर उद्यां आपलीहि पाळी आहे, असाच अर्थ तो करील. तारापूरास १९६९ सालीं अणुवीजकेंद्र सुरू झालें. त्या किनाऱ्याविषयीं लिहितांना तर जबाबदारी दुप्पट होते. खंडाची फारकत कोट्यवधि वर्षांपूर्वीं घडून गेली. आजच्या धक्क्यांची चिकित्सा ही निराळी गोष्ट आहे. त्यांच्या कारणांत भेगांत मुरणाऱ्या पावसाच्या पाण्याचाहि विचार तज्ज्ञांनीं केला आहे. निराळ्या गोष्टी निराळ्या वाक्यांतच लिहिल्या पाहिजेत.

ज्यास या विषयावर लिहावयाचें असेल, त्यानें आधीं ओहोटीच्या वेळीं तारापूरच्या कातळावर जाऊन उभें राहावें, पायांखालचा दगड नीट पाहावा, आणि मग लेखणी उचलावी.