छबिलदास : नाव शाळेचं, काम कुणाचं?

‘छबिलदास चळवळ’ हा शब्द प्रबंधात टाकण्याआधी जरा थांबा. हे नाव दादरच्या शाळेचं आहे, नाटक करणाऱ्या संस्थेचं नाही. अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे वगैरे मंडळींनी ‘आविष्कार’ सुरू केली १९७१ मध्ये. शाळेचा हॉल मिळाला १९७४ मध्ये. संस्था आधी, घर नंतर. तरी आपण हॉललाच कारण मानून मोकळे होतो. विज्ञान शिकलेल्या माणसाला हे खटकतं.

अर्थात हॉल वजा करूनही चालत नाही. आविष्कारने तो इतर प्रायोगिक संस्थांनाही परवडेल अशा भाड्यात खुला केला. माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी हीच, आणि लेखांत ती बहुधा एका ओळीत उरकली जाते. दिग्दर्शकांवर पानंच्या पानं. भाडं किती, तारखा कोण वाटायचं, खुर्च्या कोण लावायचं, यावर क्वचितच काही. (काकडेंचं काम नेमकं याच गाळलेल्या भागातलं.)

पुढे आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली. नाटकं होत राहिली, पण ‘माहीम चळवळ’ असं कुणी म्हटलं नाही. संस्था तीच, घर तेवढं बदललेलं. तुलना करायचीच तर ती इथे करा.