शरीर हिशेब ठेवते का?

बेसेल व्हॅन डर कोल्क यांचे 'द बॉडी कीप्स द स्कोअर' हे पुस्तक २०१४ साली निघाले. 'शरीर हिशेब ठेवते' असा त्याच्या नावाचा अर्थ. गेल्या वर्षी एका शिक्षक-शिबिरात मार्गदर्शक या पुस्तकाच्या आधारे सांगत होते, की मानसिक आघात स्नायूंत साठतो. म्हणून अपघातात वडील गमावलेल्या मुलाला बोलते करू नका, त्याच्याकडून शारीरिक हालचाली करून घ्या. आम्ही घरी येऊन पुस्तकच वाचायला घेतले.

पुस्तक वाचण्याजोगे आहे, हे आधीच सांगून टाकतो. लेखक मूळचे डच मानसोपचारतज्ज्ञ. १९७८ मध्ये ते बोस्टनच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात रुजू झाले. व्हिएतनामहून येऊन दहा वर्षे लोटलेला एक वकील फटाक्यांच्या धास्तीने स्वातंत्र्यदिनाची सुट्टी कचेरीत एकटाच काढतो, हे वर्णन विसरता येत नाही.

धोका जाणवला की हृदय धडधडते, स्नायू ताठरतात आणि धोका टळल्यावरही कित्येकांत हे चालू राहते. याबद्दल वाद नाही. श्वासाचा परिणाम तर वर्गातही दाखवता येईल. नाडीवर बोट ठेवून मिनिटाला सहाच श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. हृदयाला लगाम घालणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची ही करामत. पण म्हणून ताठरलेला स्नायू म्हणजे साठलेली आठवण नव्हे; त्याला ताठर राहण्याचा हुकूम वरूनच, मेंदूकडून येत असतो. शीर्षकातले रूपक रूपकच राहिले असते तर आमची तक्रार नव्हती.

आघाताने वाचा बसते, म्हणून बोलण्याचे उपचार तोकडे पडतात, या युक्तिवादाला लेखक मेंदूच्या प्रतिमांचा आधार देतात. आघाताची आठवण जागवताच वाणीशी संबंधित ब्रोका क्षेत्राचे काम मंदावलेले दिसले. हा अभ्यास १९९६ चा, रुग्ण अवघे ८! शिवाय आठवणीवर बोलून काम करणाऱ्या उपचारांच्या चाचण्या पुष्कळ झाल्या आहेत आणि ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत त्यांचीच शिफारस केली आहे. पुस्तकात मात्र या उपचारांच्या उणिवाच ठळक दिसतात.

योगाची चाचणी अधिक भक्कम आहे. तीही लेखकाच्याच गटाची, २०१४ मधली. दीर्घकाळ त्रास असलेल्या, आधीच्या उपचारांना दाद न दिलेल्या ६४ स्त्रिया. निम्म्यांना १० आठवडे योगवर्ग, बाकीच्यांना आरोग्यशिक्षणाचे वर्ग. अखेरीस योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी निदानाच्या कसोटीबाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या २९ पैकी ६. आकडे छोटे, तरी दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. गंमत अशी, की पहिल्या निम्म्या काळात दोन्ही गट सुधारत होते. आरोग्यवर्गाची सुधारणा पुढे टिकली नाही. म्हणजे सुरुवातीच्या गुणात आसनांचा वाटा किती आणि दर आठवड्याला कोणीतरी आपुलकीने भेटण्याचा किती, हे सांगणे कठीण. आघात स्नायूंत होता की नाही, हा प्रश्न तर या चाचणीने विचारलेलाच नाही.

आणि या सर्व प्रौढ स्त्रिया होत्या, शाळकरी मुले नव्हेत. शोधनिबंधाच्या शीर्षकातच योगाला 'पूरक उपचार' म्हटले आहे. पूरक म्हणजे जोडीचा, बदलीचा नव्हे. शिबिराच्या मार्गदर्शकांना आम्ही ते शीर्षक पत्राने कळवले आहे. उत्तर अजून यायचे आहे.