बलाकेचे भय आणि निसर्गाशी नाते

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर अलीकडे ध्यानाची निवासी शिबिरे भरू लागली आहेत. सजगतेच्या साहाय्याने निसर्गाशी तुटलेले नाते पुन्हा जोडावे, अशा आशयाचे आवाहन त्यांच्या माहितीपत्रकांत असते. आमच्या पाहण्यात आलेल्या एकदोन पत्रकांत थेरगाथेतील सप्पक थेराचा आधारही दिलेला होता. शिबिरांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या वाचनाविषयी.

चतुक्कनिपातात सप्पकाच्या चार गाथा आहेत. त्यांत अजकरणी नदी आहे, दोन्ही तीरांवरील जांभळीची झाडे आहेत, बेडकांचा आवाज आहे. पत्रकांत नेमके एवढेच येते. परंतु पहिल्या दोन गाथांचा विषय वेगळाच आहे. काळ्या मेघाला भ्यालेली पांढरीशुभ्र बलाका, म्हणजे बगळी, आसरा शोधीत पळते, आणि तो तिला दिसत नाही. त्या क्षणी नदी आपल्याला रमविते, असे थेर म्हणतो. भय आणि रमणीयता एकाच गाथेत शेजारी ठेवलेली आहेत. त्यांतील भय गाळले म्हणजे उरते ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील चित्र!

बलाका जो आसरा शोधते त्याला मूळ पाळीत 'लेण' हा शब्द आहे. हाच शब्द मांदाडजवळच्या कुडा येथील शिलालेखांत दानवस्तू म्हणून येतो, आणि तोच मराठीत 'लेणे' होऊन राहिला आहे. कुड्याची सव्वीस लेणी राजपुरीच्या खाडीवर उभी आहेत. पावसाळ्याच्या तोंडी आम्ही तेथे गेलो असता खाडीवरून बगळे उडत होते, त्यामुळे सप्पकाची आठवण अपरिहार्य होती. तेथील दात्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. दानांत लेण्यांबरोबर पाण्याची टाकीही आहेत. खाडीचे पाणी खारे. भिक्षूंची तहान भागे ती खडकात खोदलेल्या टाक्यातील गोड्या पाण्यावर. अरण्यवासी भिक्षू एकट्या निसर्गाच्या सहवासात राहत होता, ही कल्पना या टाक्यांपाशी टिकत नाही.

आता 'तुटलेल्या नात्या'विषयी. मज्झिमनिकायातील महाहत्थिपदोपमसुत्तात सारिपुत्त धातूंचे दोन प्रकार सांगतो: अज्झत्तिक आणि बाहिर. शरीरातील रक्त, घाम, अश्रू ही आपोधातू, आणि बाहेरचे पाणी हीही आपोधातूच. दोहोंकडे 'हे माझे नव्हे' असेच पाहावयाचे आहे. ज्याच्या देहातच ती धातू आहे त्याने तिच्याशी नाते जोडावयाचे म्हणजे काय करावयाचे? त्याच सुत्तात बाहेरची आपोधातू खवळून गावे, नगरे, जनपदे वाहून नेते. आणि कधी महासमुद्रच इतका ओसरतो की त्यात बोटाचे पेरही भिजत नाही. समुद्राकडे पाहून ध्यान करणाऱ्यांच्या हाती हे सुत्त कोणी कसे देत नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

रायगडच्या किनाऱ्याला तर ते परके वाटण्याचे कारण नाही. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस जे चक्रीवादळ धडकले त्याचे नावच 'निसर्ग' होते. (नाव बांगलादेशाने सुचविलेले, त्यात कोणाचा उपरोध नव्हता.) मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन येथील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पण पोफळ लावल्यापासून ती फळावर येईपर्यंत वाडीवाल्याला वर्षानुवर्षे थांबावे लागते. त्या वाडीवाल्याचे निसर्गाशी नाते कधीच तुटलेले नव्हते. त्याचे छप्परच उडाले होते. त्याला हवे होते ते लेण.

थेरांना निसर्ग सुखावीत नव्हता, असे मात्र आम्ही म्हणत नाही. महाकस्सपाच्या गाथांत पर्वत पुनःपुन्हा त्याला रमवितात, आणि तो आनंद खोटा नाही. तथापि त्या प्रकरणाच्या अखेरीस तो म्हणतो की पंचांगी वाद्यसंगीतही देणार नाही अशी रती एकाग्र चित्ताने धम्म नीट पाहणाऱ्याला मिळते. पर्वत तेथेच आहेत. रतीचे कारण मात्र पाहण्यात आहे. 'सति' या शब्दातही मूळ अर्थ स्मरणाचा आहे, आणि 'सजगता' या नव्या प्रतिशब्दात तो हरवतो. ज्याला गेल्या वादळाचे स्मरण नाही त्याची समुद्राविषयीची सति कोणत्या प्रकारची समजावी?

पत्रके काढणाऱ्यांनी सप्पकाच्या चारही गाथा छापाव्यात, इतकीच आमची सूचना आहे. जागा फार लागत नाही.